बंपरवरचे मान्यवर

अग्नीला ज्याने आवरले त्यानेच शिखर गाठले. मानवाच्या प्रगतीचा सारा इतिहास हा उष्णतेवर मिळवलेल्या विजयाचा इतिहास आहे.

हे वाक्य माझं आहे. एका मान्यवरांच्या भाषणासाठी मी ते लिहून दिलं होतं. लिहिताना माझ्या उजव्या हाताची दोन बोटं मलमानं माखलेली होती, कारण त्याच दिवशी सकाळी धाकट्या बहिणीच्या गाडीची ब्रेकची डिस्क एव्हाना गार झाली असेल असं समजून मी तिला हात लावला होता.

मी सांगलीत, विश्रामबागला, एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. आमच्याकडं ग्रंथपालाची आठवण लोकांना दोन वेळा होते: पेपर वाचायचा असला की आणि भाषण लिहून हवं असलं की. बहीण कऱ्हाडला लागून मलकापुरात असते. ती आणि तिचा नवरा ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवतात. दाजी काउंटरवर बसतात, बहीण बहुतेक वेळा कशाच्या तरी खाली असते. तिच्याकडं एक जुनी लहान गाडी आहे. मागची सीट काढलेली, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवलेला. गाडी उलटली तर माणूस चिरडू नये म्हणून.

कोयनानगरच्या बाजूला एक घाट आहे. वर्षातून एकदा हौशी मंडळी तो रीतसर परवानगीनं बंद करून घेतात आणि घड्याळ लावून एकेक गाडी वर सोडतात. दोन चढाया. दोन्ही पुऱ्या झाल्या तरच निकालात नाव लागतं. बहिणीचं नाव दोन वर्षं लागलं नव्हतं.

तिचे सासरे, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, फौजेतून निवृत्त झालेत आणि ऊस करतात. गाडी त्यांच्या शेडमध्ये असते. यंदा त्यांनी शांतपणे सांगून टाकलं होतं, “ह्या बारीला पुरी चढली तर ऱ्हाऊ दे. न्हाई चढली तर पिंजरा काढायचा. मागं खताची पोती झकास बसत्यात.”

बहिणीनं पाना उचलला. मनात काही असलं की तो एका हातातून दुसऱ्या हातात जात राहतो. आमच्या घरात निवांत बसणं कुणाला जमत नाही. मी पुस्तकं या कपाटातून त्या कपाटात लावतो, ती नटबोल्ट काढून पुन्हा बसवते.

शर्यतीत गाडी पळते म्हणजे नेमकं काय होतं, हे मी तिच्यामुळं शिकलो. पेट्रोलमधली बरीच ताकद चाकापर्यंत पोचतच नाही. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स तापवण्यात खर्च होते. जी पोचते, ती पुढच्या वळणावर ब्रेक मारला की पुन्हा उष्णताच होते. घाट चढणं हे निमित्त. खरं काम उष्णता एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवत राहण्याचं. सरकारी कचेरीत फाइल हलवतात तसंच, फक्त इथं ती अडून बसली की वास येतो.

पहिल्या वर्षी गिअरबॉक्सनं घात केला. सायलेन्सरकडं जाणारा पाइप त्याला खेटून होता. आतलं ऑइल तापून पाण्यासारखं पातळ झालं, वरच्या नळीतून बाहेर आलं, आणि दुसऱ्या चढाईत तिसरा गिअर पडेचना. बहिणीनं गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून पाइप आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये आडोसा उभा केला आणि खालचं आवरण कापून वाऱ्याला वाट दिली. दुसऱ्या वर्षी गिअरबॉक्स शहाण्यासारखा वागला आणि ब्रेक गेले. तेसुद्धा चढताना नव्हे, पहिली चढाई संपवून खाली येताना. ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण पावसाळाभर सैल राहिलं होतं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी प्यालेलं ऑइल लवकर उकळतं. नळीत वाफ झाली की पाय दाबून उपयोग नसतो. वाफ दबते, ब्रेक दबत नाहीत. पायडल जमिनीला टेकलं. बहिणीनं गाडी डोंगराच्या अंगाला घासत थांबवली. डावा दरवाजा आतल्या बाजूला गेला, तो अजून थोडा आतच आहे.

यंदा सगळा भर ब्रेकवर होता. नवं ऑइल, नवे पॅड, आणि पुढच्या बंपरमध्ये, जिथं धुक्याचे दिवे असायचे, तिथं दोन गोल भोकं. त्या भोकांपासून चाकांपर्यंत विहिरीच्या पंपाचा लवचीक पाइप नेला. डिस्कजवळ तो वितळला असता म्हणून शेवटचा तुकडा पत्र्याचा. गाडी पळू लागली की समोरचा वारा भोकात शिरणार आणि थेट डिस्कवर जाणार. इतकी साधी गोष्ट तयार करायला तिचे सगळे रविवार गेले.

माझ्याकडं ताप मोजण्याचं काम होतं. पहिल्यांदा मी कपाळावर धरायची ती बंदूक नेली, टाळेबंदीच्या काळात कॉलेजच्या दारात असायची ती. डिस्कसमोर धरली तर लाल दिवा लागला आणि ती किंचाळायला लागली. गाडीला ताप आहे, घरीच विश्रांती घ्यावी, एवढंच तिचं निदान. मग दाजींनी साखर कारखान्यातल्या एका मित्राकडून बॉयलरवर वापरायची बंदूक आणली. सरावात आम्ही भोकं उघडी ठेवून आणि बोळे कोंबून, दोन्ही तऱ्हांनी आकडे घेतले. फरक एवढा होता की बहीण कितीतरी दिवसांनी हसली.

शर्यतीच्या दिवशी सकाळी पायथ्याला मांडव, लाउडस्पीकर आणि मान्यवर होते. मान्यवर म्हणजे नक्की कोण, हे मला इतक्या वर्षांत नीट कळलेलं नाही. त्यांच्या नावाआधी इतकं काही असतं की नावापर्यंत पोचेतो टाळ्या सुरू होतात. त्यांनी नारळ वाढवला आणि झेंडूच्या माळांनी मढवलेल्या आपल्या उघड्या जीपमधून घाटमाथ्यावर निघाले. वर येणाऱ्या गाड्यांचं ते तिथं स्वागत करणार होते. भाषण बक्षिसांच्या वेळी. गाड्या पाच-पाचच्या तुकडीनं सोडायच्या, तुकडी वर पोचली की तिला लगेच खाली आणायची, असं ठरलं होतं. महिला गटाचा मान म्हणून बहिणीला पहिला नंबर दिला होता. गटात ती एकटीच होती.

रस्ता बंद व्हायच्या आत मी बंदूक घेऊन संयोजकांच्या एका जीपमधून वर गेलो. आबा आणि दाजी खाली मांडवात राहिले.

वर मला उभं राहवेना. कठड्यापर्यंत जायचो, परत यायचो, चष्मा पुसायचो. स्वागताला आलेल्या एका कार्यकर्त्यानं विचारलं, “सर, बाथरूम शोधताय का?” तेवढ्यात खालून आवाज आला. दुसरा गिअर, तिसरा, ब्रेक, पुन्हा दुसरा. गिअर नीट पडत होते. आवाज डोंगराआड गेला, परत आला, आणि शेवटच्या वळणातून गाडी बाहेर आली. मला आधी बंपर दिसला आणि बंपरवर मान्यवर दिसले. दोनदा.

डाव्या भोकावर एक, उजव्या भोकावर एक. हात जोडलेले, चेहऱ्यावर स्मित, खाली ठळक अक्षरात ‘शुभेच्छुक’. मी वर गेल्यावर त्यांच्या माणसांनी रांगेतल्या प्रत्येक गाडीवर ही स्टिकरं लावली होती. दारांवर नंबर होते, काचेवर लावायला बंदी होती. बहिणीच्या गाडीवर चेहरा मावेल अशा दोनच नेमक्या गोल जागा होत्या.

मी खिडकीशी धावलो. “अगं, भोकं बंद केलीत!”

“काय?” तिनं हेल्मेट काढलं. “बेल्ट आवळून बसलेवते. फुडं वाकून काय करत्यात ते दिसंना. मला वाटलं, नंबर दाबून लावत्यात.”

मी चाकाच्या आऱ्यांमधून बंदूक धरली. बोळे कोंबून केलेल्या सरावात जो आकडा आला होता, त्याच्याही कितीतरी वर होता. मी तिला तो सांगितला नाही, नुसता दाखवला. तिनं मान हलवली आणि माथ्यावरच्या मोकळ्या जागेकडं हात केला. तिथं सावकाश दोन फेऱ्या मारल्या असत्या तर वारा लागून डिस्क निवल्या असत्या. तापलेली गाडी एकदम उभी केली की सगळी उष्णता आतल्या ऑइलवर येते.

पण मान्यवर पुढं आले होते. फोटो होता. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच काढला.

“चांगलीच तापलीय,” ते म्हणाले. त्या दिवशी व्यासपीठाच्या बाजूनं गाडीविषयी आलेलं हे एकमेव अचूक विधान.

फोटो चालू असताना मी खाली वाकून डाव्या स्टिकरचा कोपरा नखानं उचकटायला लागलो. मघाचाच कार्यकर्ता माझ्या शेजारी वाकला आणि त्यानं तो कोपरा अंगठ्यानं घट्ट दाबला. “व्यवस्थित चिकटलंय, सर. काळजी करू नका.”

आता, जिवंत माणूस दोन हातांच्या अंतरावर उभा असताना त्याचा चेहरा त्याच्या देखत सोलून काढायचा, हे आमच्या दोन्ही जिल्ह्यांत कुणी करत नाही. मीही केलं नाही. तुकडीतल्या उरलेल्या चारही गाड्या येऊन पोचल्या. त्यांच्याही पुढच्या अंगाला मान्यवर होतेच. मग मान्यवरांनी जाहीर केलं की ही तुकडी आपण स्वतः खाली नेणार. फोटोवाले जीपमध्ये चढले. मला वर आणणारी जीप केव्हाच परत गेली होती, म्हणून मी बहिणीच्या शेजारी बसलो.

मिरवणूक निघाली. पुढं जीप, मागं आम्ही, आमच्या मागं चार गाड्या. जीप माणसाच्या चालीनं चालली होती आणि प्रत्येक वळणावर थांबत होती, कारण प्रत्येक वळणावर हार घेऊन माणसं उभी होती. एरवी बहिणीनं दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच्या ओढीवर गाडी सोडली असती, ब्रेकला नुसता पाय लावला असता आणि वाहत्या हवेवर सगळं निवलं असतं. आता पहिल्या गिअरमध्येसुद्धा गाडी जीपवर जात होती. दाब, धर, सोड. दाब, धर, सोड. वारा नाही, भोकं बंद. आत जळक्या पॅडचा आंबूस वास भरला.

“दादा, पाय हलवू नको.”

“मी कुठं हलवतोय?”

“मगाधरनं ब्रेक मारतोयस. तुझ्याकडं पायडल न्हाई.”

मी पाय आवरले. मग माझे हात दाराची कडी शोधायला लागले. जीपमध्ये मान्यवर मागं वळून आमच्याकडं पाहून हात हलवत होते. मीही हलवला. काय करणार.

पुढच्या वळणाला बहिणीचा गुडघा नेहमीपेक्षा लांब गेला. तिनं पायडल दोनतीनदा भराभर दाबलं, तेव्हा कुठं गाडी थांबली. जीपचा मागचा बंपर आमच्या इतका जवळ आला की हारातल्या झेंडूच्या पाकळ्या मोजता आल्या असत्या.

“मऊ पडलं,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. गेल्या वर्षीही असाच होता म्हणे, दरवाजा आत जाण्याआधी. “आणखी दोन वळणं आशी गेली की ह्यांच्या मांडीवर बसतोय आपण.”

“हॉर्न वाजव.”

“मगाधरनं सगळी हॉर्नच वाजवत्यात. त्यास्नी वाटतंय जयजयकार चाललाय.”

पुढं डोंगराच्या बाजूला थोडी रुंद जागा होती. तिनं जीप पुढं जाऊ दिली, स्टिअरिंग आत वळवलं, पुढची चाकं मऊ मातीत घातली आणि इंजिन गिअरमध्येच बंद केलं. “हँडब्रेक ओढायचा न्हाई, मागच्या चाकांचे ड्रमबी तापलेत, चिकटून बसतील. उतर, दगड बघ!”

घाटात दगड शोधावा लागत नाही. मी चाकापुढं एक लावला, खात्री नव्हती म्हणून दुसरा लावला, मग तिसरा आणायला निघालो तर ती म्हणाली, “बास की. घर बांधायचंय का?”

मागच्या चारही गाड्या थांबल्या. लगेच मागं सांगलीचे एक हळदीचे व्यापारी होते, पन्नाशीचे, एरवी अतिशय सोज्वळ गृहस्थ. ते उतरून आले. “ताई, काय झालं?”

“ब्रेकचं ऑइल उकळाय लागलंय. वारं बंद केलंय ह्यांनी.” तिनं बंपरकडं बोट केलं, खाली बसली आणि डावीकडचे मान्यवर एका ओढीत सोलून काढले. मग उजवीकडचे.

व्यापाऱ्यांनी ते पाहिलं. मग स्वतःच्या गाडीसमोर जाऊन पाहिलं. “माझ्या तर रेडिएटरच्या जाळीवरच बसलेत की. तरीच काटा वर चढला.” त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकदा पाहून घेतलं आणि कोपरा उचकटला. त्यांच्या मागचा उतरला, त्याच्या मागचा उतरला. घाटात फक्त स्टिकर सुटण्याचा आवाज.

अडचण पुढं आली. काढलेले चेहरे टाकायचे कुठं? रस्त्यावर टाकले तर मागून येणाऱ्या गाड्या अंगावरून जाणार. दरीत टाकणं त्याहून वाईट दिसलं असतं. शेवटी सगळ्यांनी ते माझ्याकडं दिले. “सर शिकलेले आहेत, नीट ठेवतील,” व्यापारी म्हणाले. मी ते गोंदाची बाजू खाली करून, एकाच्या गुळगुळीत चेहऱ्यावर दुसरा, असे अलगद रचले आणि मांडीवर घेऊन बसलो.

तेवढ्यात खालून मोटरसायकलवर एक कार्यकर्ता आला. “चला की! सायेब खाली वाट बघत्यात.”

“सायबांना सांग,” बहीण म्हणाली, “ब्रेक तापलेत. आत्ता आलो तर थेट सायबांच्याच अंगावर येतोय. त्यांनी फुडं व्हावं, मंग आमी येतो.”

तो गेला. निरोप त्यानं कोणत्या शब्दांत दिला कोण जाणे, पण जीपचा आवाज लांब गेला. आम्ही थांबून राहिलो. मी ढीग सीटवर ठेवून चाकाला पुठ्ठ्यानं वारा घालत होतो. त्याचा काही उपयोग नसतो हे मला वाचून माहीत होतं. बऱ्याच वेळानं पायडल हळूहळू घट्ट होऊ लागलं. वाफ निवून पुन्हा ऑइल होत होतं. मग रस्ता मोकळा मिळाला तशी बहीण दुसऱ्या गिअरमध्ये, एकसारख्या चालीनं खाली आली. पाइपमधून वारा जाताना आत बारीक शिटी वाजत होती. सरावात ती ऐकून मला डोकं दुखायचं. आता वाजत राहावी असं वाटत होतं.

खाली आबा मांडवाच्या दाराशी उभे होते. त्यांनी पहिल्यांदा बंपर बघितला.

“सायबांचा फोटो कुठाय?”

“दादाच्या मांडीवर.”

“का?”

“ब्रेकला वारं लागंना, आबा.”

आबांनी वाकून एका भोकात बोट घालून पाहिलं. मग मोटरसायकलवरच्या कार्यकर्त्यानं मागून तोच प्रश्न विचारला, तेव्हा त्याच्याकडं न वळता म्हणाले, “उन्हानं गोंद सुटला आसंल.” फौजेतला माणूस खोटं बोलत नाही, असं ते एरवी सांगतात.

दुसऱ्या चढाईला थोडाच अवकाश होता. उकळून गेलेल्या ऑइलवर तिला वर जायचं नव्हतं. डब्यात उरलेलं ताजं ऑइल घालून ब्रेकची हवा काढायचं तिनं ठरवलं. मी आत बसून पायडल दाबत होतो, ती चाकाशी आडवी पडून नट सैल करत होती.

“दाब. धर. सोडू नको म्हटलं ना!”

“तूच म्हणालीस सोड.”

“सोडते आसं म्हणाले. मी. नट.”

दाजी डबा धरून उभे होते. गडबडीत त्यांच्या हातातून झाकण निसटलं, रस्ता ओलांडून घरंगळत गेलं आणि पलीकडच्या ओढ्यात दिसेनासं झालं. बहिणीनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं. दोन वर्षांचं सगळं त्या पाहण्यात होतं. दाजींनी तळव्यानं डब्याचं तोंड झाकलं. माझ्या मांडीवर ढीग होताच. मी वरचं स्टिकर उचललं आणि डब्याच्या तोंडावर बसवून कडेनं दाबलं. छान बसलं.

मग ती गेली. या खेपेला मी पायथ्याशी होतो, त्यामुळं मला काहीच दिसणार नव्हतं. मी आणि आबा कठड्याशी उभे राहून ऐकत होतो. दुसरा, तिसरा, ब्रेक, दुसरा. आवाज डोंगराआड गेला आणि बराच वेळ आलाच नाही. आबांनी टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली. मला पहिल्यांदाच कळलं की खताची पोती त्यांना, मला वाटत होतं तितकी, प्रिय नव्हती. मग फार वरून, तिसऱ्या गिअरचा एक लांब सूर आला. आणि थांबला. थांबला म्हणजे पोचली की अडकली, ते खालून कळत नाही.

दाजींचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, “हां” म्हणाले, आणि फोन खिशात ठेवला.

“आरं, काय झालं?” आबा ओरडले.

“पोचली. ब्रेक हायती. काहीतरी खायला आणून ठेवा म्हणत्या.”

आबांनी पुन्हा टोपी काढली. “ऱ्हाऊ दे मग तो पिंजरा,” ते घाटाकडं बघत म्हणाले. “खताला ट्रॅक्टर काय मेलाय व्हय?”

संध्याकाळी निकाल वाचून दाखवला. सगळ्यांत मिळून तिचं नाव बरंच खाली होतं, पण होतं. ती खुर्चीवर बसली नव्हती. शेवटच्या रांगेमागं उभी राहून ताटलीतले पोहे खात होती आणि एक पाय हलवत होती, म्हणजे पुढच्या वर्षीचं काहीतरी सुरू झालं होतं. मान्यवरांनी माझं भाषण वाचलं. अग्नीला ज्याने आवरले, वगैरे. टाळ्या पडल्या. मग त्यांनी कागद खाली ठेवून मनचं एक वाक्य घातलं, “आणि हे मी आज स्वतः हात लावून अनुभवलेलं आहे.” ते माझ्या वाक्यापेक्षा चांगलं होतं.

त्या गोष्टीला आता एक पावसाळा उलटून गेला. ब्रेक ऑइलचा तो डबा मलकापूरच्या शेडमध्ये फळीवर आहे, आणि त्याच्या तोंडावर मान्यवर आहेत, हात जोडून. परवा बहिणीनं आतलं ऑइल तपासलं. पाणी अजिबात शिरलेलं नाही.